गोळी सुटल्यावरचे महिने

दुखण्याच्या गोळीचं व्यसन सुटलं की माणूस मोकळा झाला, असं घरच्यांना वाटतं. शरीराचा त्रास ओसरल्यावर थोडे दिवस त्या माणसालाही तसंच वाटतं. त्यानंतर जे येतं त्याबद्दल मला लिहायचं आहे. माझ्या वेळी मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे या विषयावर ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी झाशीची. झाशीत मराठी घरं दोन तऱ्हेची. काही नेवाळकर राजघराण्याच्या काळापासूनची, काही रेल्वेबरोबर आलेली. २००३ सालापर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईत, त्यामुळे भुसावळ-नागपूरकडची माणसं बदलून इथं यायची आणि त्यांतली बरीच इथलीच होऊन गेली. आमचं घर त्यांतलं. वडील वर्कशॉपमध्ये होते, मी शाळेत शिकवत आले. कंबरेतली गादी सरकली, पायात कळ जाऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. पाच दिवसांच्या त्या चिठ्ठीवर पुढे काही वर्षं गेली. मेडिकलवाले ओळखीचे, मी बाई, शिक्षिका, साडी नेसून भरदुपारी दुकानात जाणारी. कुणाला संशय यावा असं त्यात काही नव्हतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि दुकानं चिठ्ठी मागू लागली, तेव्हा आपण कुठे येऊन पोचलो आहोत ते मला कळलं.

व्यसनमुक्तीवर मराठीत चांगलं लिहिलं गेलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अवचटांचं 'गर्द' हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं. पण बिल घेऊन दुकानातून आणलेली, डब्यात थर्मामीटरशेजारी ठेवलेली गोळी हेही त्याच जातीचं प्रकरण असतं, हे घरोघरी अजून पोचलेलं नाही. २०१९ साली केंद्र सरकार आणि एम्स यांनी देशभरातल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अफूवर्गातली औषधं नशेसाठी किंवा सवयीनं घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरात जवळपास एक निघालं. अफूवर्गातल्या सगळ्या पदार्थांचा मिळून ज्यांना गंभीर त्रास आहे असे सुमारे ७७ लाख लोक, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मोजक्या राज्यांतले. त्या यादीत उत्तर प्रदेश आहे आणि महाराष्ट्रही.

अनुभवातून जे हाती लागलं ते खाली देते. क्रम महत्त्वाचा नाही.

१. शरीराचा त्रास आधी संपतो, मनाचा नंतर वर येतो.

गोळी कमी होत बंद झाली की आठवडा-दहा दिवस अंग बोलतं. जांभयांवर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, रात्री पायांची अशी तगमग की कुठे ठेवू आणि कुठे नको. हा त्रास वाईट, पण घरच्यांना तो दिसतो. ते मऊ खिचडी करतात, ओआरएस देतात, पाय चेपतात. मग जुलाब थांबतात, तपासण्या नॉर्मल येतात, आणि घर आपापल्या कामाला लागतं. नेमक्या त्याच सुमाराला आतून सगळं सपाट होतं. मी रडत नव्हते, कुणावर चिडत नव्हते. घर तेच, माणसं तीच, फक्त कशातच राम उरला नव्हता. मुलगा पुण्याहून फोन करायचा. त्याचं बोलणं संपायची मी वाट पाहायचे आणि फोन ठेवल्यावर त्याचंच वाईट वाटायचं. 'आता तर सगळं ठीक आहे ना?' या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही.

पुष्कळ लोक याच टप्प्यावर पुन्हा गोळीकडे जातात. दुखतं म्हणून नव्हे, नशेसाठी तर मुळीच नव्हे. एक दिवस तरी पूर्वीसारखं वाटावं, एवढ्यासाठी.

२. ही उदासी शरीरातून येते. तिला आपल्या आयुष्याबद्दलचा निकाल समजू नये.

वेदना शमवणारी आणि बरं वाटायला लावणारी रसायनं आपला मेंदू स्वतः तयार करतो, एंडॉर्फिन त्यांतलं सर्वांना माहीत असलेलं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन ही औषधं मेंदूत त्याच जागांवर जाऊन काम करतात. रोज, वर्षानुवर्षं बाहेरून हे मिळत राहिलं की त्या जागा बोथट होतात आणि आनंदाची सगळी यंत्रणा मंदावते. मग गोळी थांबते, पण यंत्रणा लगेच पूर्ववत होत नाही. आमच्या बुंदेलखंडात बंद पडलेला हातपंप सुरू करताना वरून तांब्याभर पाणी ओततात आणि बराच वेळ नुसता दांडा हलवत राहतात. खडखडाट होतो, पाणी येत नाही, बघणाऱ्याला वाटतं बोअर कोरडी पडली. हे मधले महिने तसे असतात.

किती महिने? प्रत्येकाचं वेगळं. किती वर्षं घेतली, किती डोस होता, आधीपासून मनाचा काही आजार होता का, यावर ते ठरतं. बहुतेकांना काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत हे चालतं, आणि ते सरळ उतरत जात नाही. चार दिवस बरे जातात, मग अचानक दोन दिवस पहिल्यापेक्षा वाईट. त्या दोन दिवसांत माणूस म्हणतो की आपण होतो तिथंच आहोत. तसं नसतं, लाट असते ती. मी ज्या दवाखान्यात जात होते तिथं गोळी कमी करण्याचं वेळापत्रक छापील मिळालं, त्यामागून येणाऱ्या या काळाबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ती ओळ प्रत्येक रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात पहिल्या भेटीत पडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

३. स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करू नये.

'मनात आणलं की सुटतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ट्रॅमाडॉलचं काम दुहेरी आहे. ते अफूसारखं काम करतं, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांवरही करतं, म्हणजे थोडंसं नैराश्यावरच्या औषधांसारखं. म्हणून ते एकदम थांबवलं तर जुलाब आणि तगमग तर होतेच, त्यावर घबराट, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि खोल उदासी यांचीही भर पडते. हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवलं तर मन कोसळण्याचा जोर पुष्कळ कमी होतो.

काहींना डॉक्टर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त. 'एक गोळी गेली, दुसरी आली' असं म्हणून नातेवाईक ती बंद करायला लावतात. कृपा करून तसं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ सालीच या कामासाठी ते औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. ते नियमित घेऊन जो माणूस कामावर जातो, घर सांभाळतो, तो बराच होतो आहे.

४. दुखणं परत येतं, आणि त्याची उदासीशी गाठ असते.

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण दारू सुटलेल्या माणसाला जो प्रश्न नसतो तो आम्हाला असतो. आमची गोळी मुळात दुखण्यासाठी होती. ती गेली की दुखणं दारात उभं असतं. त्यात आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अफूवर्गातलं औषध खूप काळ घेतलं की शरीर वेदनेला जास्त हळवं होतं. साधी कळही मोठी वाटते. म्हणजे मी ज्या दुखण्यासाठी गोळी घेत होते, त्यातलं थोडं तरी गोळीनंच वाढवून ठेवलेलं होतं. गोळी बंद झाल्यावर हा हळवेपणा आठवड्यांनी, महिन्यांनी कमी होतो, पण सुरुवातीला तो उलट जास्त जाणवतो.

फिजिओथेरपिस्टनं मला एक वही करायला सांगितली. रोज रात्री दोन आकडे लिहायचे, दहापैकी दुखणं किती आणि दहापैकी मन किती खाली. दोन रकाने, बाकी काही नाही. पानं भरत गेली तसं दिसायला लागलं की बऱ्याच वेळा मनाचा रकाना आधी बिघडतो आणि कंबर दुसऱ्या दिवशी. माझी समजूत नेमकी उलटी होती, दुखतं म्हणून मी उदास आहे. हे कळल्यावर उपाय दोन्हीकडून करता येऊ लागले. दुखायला लागलं की गरम पाण्याची पिशवी, आणि जमिनीवर चटई टाकून गुडघे दुमडून पडायचं, पोट आत घेऊन कंबर चटईला टेकवायची, श्वास सोडत दहापर्यंत मोजायचं, सैल सोडायचं. आणि मन खाली गेलं की कंबर दुखायची वाट न पाहता चालायला बाहेर पडायचं. लक्ष्मी तलावाच्या बाजूला महालक्ष्मीच्या देवळापर्यंत मी जाऊन यायचे. सुरुवातीला मध्येच कुठेतरी कट्ट्यावर बसायला लागायचं.

दुखणं शून्यावर आलेलं नाही. वहीत ते दोन-तीनच्या आसपास असतं आणि त्यात मी शिकवू शकते, स्वयंपाक करू शकते, प्रवास करू शकते. शून्याचा हट्ट सोडणं हा उपचाराचाच भाग आहे, असं आता मला वाटतं.

५. दिवसातली आपली वाईट वेळ ओळखावी.

माझी दुपार होती. झाशीचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, दगडी शहर तापलेलं, लू चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडक्यांना पडदे, कूलरची घरघर आणि आपण एकटे. जुन्या गोळीची वेळही दुपारचीच होती, त्यामुळे तीन वाजले की अंग आपोआप वाट पाहायला लागायचं. या वेळेसाठी आदल्या रात्रीच काहीतरी ठरवून ठेवावं लागतं. तेव्हा ठरवू म्हटलं तर काहीच ठरत नाही, कारण ठरवण्याची ताकदच त्या वेळी नसते. मी शेजारच्या भाभींच्या मुलीला गणित शिकवायला घेतलं, बरोबर तीनला. ती येणार म्हणून केस विंचरावे लागायचे, पडदा सरकवावा लागायचा. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि ते बरं होतं.

कुणाची वाईट वेळ पहाटेची असते, कुणाची दिवेलागणीची. ती शोधा आणि त्या वेळी एकटं राहू नका.

६. मन रमेल तेव्हा करू, असं म्हणून बसू नये.

मानसोपचार करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं की आधी उत्साह आणि मग काम, हा निरोगी माणसाचा क्रम आहे. या काळात तो फिरवून घ्यायचा. आधी काम, जमेल तेवढं छोटं, आणि त्यातून आनंद मिळेल ही अपेक्षाही नको. ही त्यांच्या शास्त्रातली पारखलेली पद्धत आहे.

झाशीत जुनं गणेश मंदिर आहे. १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न तिथं झालं. भाद्रपदात आम्ही मराठी लोक तिथं जमतो. त्या वर्षी मी आरतीला उभी होते आणि आत काहीही हलत नव्हतं. लहानपणापासून ज्या झांजांच्या आवाजानं अंगावर रोमांच यायचे तो आवाज नुसता आवाज होता. खोटेपणा करतेय असं वाटून मी निघणार होते. शेजारी उभ्या असलेल्या वन्संनी प्रसादाचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, 'वहिनी, वाटा.' मी प्रसाद वाटला. आनंद झाला असं लिहिणार नाही, झाला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मी परत गेले, कारण प्रसाद कोण वाटणार हे आता ठरलेलं होतं. अशा ठरलेल्या कामांनी मला त्या महिन्यांतून पुढे नेलं.

७. झोपेशी भांडू नये.

गोळी सुटल्यावर झोप सगळ्यात शेवटी सुधारते. उठण्याची वेळ पक्की ठेवावी, रात्र कशीही गेली तरी. सकाळी उजेडात बसावं, दुपारनंतर चहा नको. झोपेच्या गोळ्या स्वतःहून मुळीच आणू नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि अफूवर्गातल्या औषधाबरोबर किंवा दारूबरोबर त्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

८. एका माणसाला खरं सांगून ठेवावं.

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. एक माणूस पुरे, पण त्याला खरं सांगावं. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी रिकाम्या स्ट्रिप कुठे ठेवल्या होत्या ते दाखवलं. जुन्या भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात, पानापानांत सपाट करून. चांदी फुटलेल्या त्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या गोळा केल्या आणि विचारलं, 'आता रोज मी काय विचारायचं तुला?' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. उपदेश नाही, पहारा नाही. आम्ही ठरवलं की त्यांनी रोज संध्याकाळी वहीतले दोन आकडे विचारायचे, बस.

बायकांच्या बाबतीत हे सांगणं जास्त अवघड आहे. बाईला व्यसन असतं हेच घराला पचत नाही, आणि गोळीचं व्यसन तर लपवायला सोपं. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग काढला तो याच कारणानं. असे विभाग उत्तरेत, लहान शहरांत फार हवे आहेत. आणि घरच्यांनी 'तुला कशाची कमी आहे?' हे वाक्य तोंडातून काढू नये. कमी कशाचीच नसते, म्हणूनच ते ऐकणाऱ्याला अधिक अपराधी वाटतं.

९. उदासी फार रेंगाळली तर तिचा वेगळा उपचार करावा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसभर मन खाली असेल, भूक-झोप गेली असेल, कशातच रस नसेल, तर हे फक्त गोळी सुटल्याचं आहे की नैराश्याचा आजार आहे, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. ठरवणं त्यांचंच काम आहे. अनेकांना गोळीच्या आधीपासून नैराश्य असतं आणि गोळीनं ते झाकलेलं असतं. मलाही काही काळ नैराश्यावरचं औषध दिलं गेलं. आणखी एक गोळी नको म्हणून मी ते आठवडाभर कपाटात ठेवलं होतं. या औषधांची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बंद करतानाही ती डॉक्टरांना विचारून हळूहळू करायची असतात. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, यांतली काही औषधं चालू असताना कुणी ट्रॅमाडॉल दिलं तर ते धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे जे काही घेता ते प्रत्येक डॉक्टरला सांगा.

१०. मोठे निर्णय पुढे ढकलावेत.

त्या महिन्यांत मला नोकरी सोडायची होती, घर विकून पुण्याला जायचं होतं, एका मैत्रिणीशी कायमचं तोडायचं होतं. तिन्हींची कारणं तेव्हा अगदी खरी वाटत होती. यांनी प्रत्येक वेळी 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं. मी अजून त्याच शाळेत आहे.

११. गोळी पुन्हा समोर येणारच, तयारी ठेवावी.

दाढेचं रूट कॅनल झाल्यावर दंतवैद्यांनी चिठ्ठीवर तीच गोळी लिहिली. मी तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं की मला या औषधाची सवय लागली होती, दुसरं द्या. त्यांनी काही न विचारता बदलून दिलं. हे वाक्य मी घरी अनेकदा मोठ्यानं म्हणून ठेवलेलं होतं, म्हणून वेळेवर तोंडातून निघालं. घरात कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांच्या उरलेल्या गोळ्या आल्या, कुणाला खोकल्याचं कोडीनचं औषध आणलं, तर ते दुसऱ्याच्या ताब्यात असावं. एक नाव बंद झालं की दुसरं येतं, हेही ध्यानात असू द्या. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सीफीनवर २०१३ साली बंदी आली, मग ट्रॅमाडॉल वाढलं. ट्रॅमाडॉलवर निर्बंध आले, मग टॅपेन्टाडॉल ऐकू येऊ लागलं. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात केंद्रानं थांबवली. नावं बदलली तरी आपल्या मेंदूला ती सगळी एकच.

आणि जिवाची गोष्ट. काही आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. उदासीच्या भरात कुणी जुना डोस एकदम घेतला तर श्वास थांबू शकतो, ट्रॅमाडॉलनं आकडीही येऊ शकते. व्यसनात असताना जो डोस रोज पचत होता, तोच सुटल्यानंतर मारक होतो. पाय घसरलाच, तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एकदा घसरलं म्हणून आधीची सगळी मेहनत वाया गेली असं अजिबात नसतं.

१२. सुख परत येतं तेव्हा फार लहान रूपात येतं.

माझ्याकडे ते हिवाळ्यात आलं. गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. आमच्या भागात थंडीत मटाराचे ढीग लागतात, घरात दोन-दोन वेळा मटार असतो. शेंग अंगठ्यानं दाबली की टच्‌ असा आवाज होतो, आत दाणे ओले, एका रांगेत. मी एक दाणा तोंडात टाकला आणि तो गोड लागला. बाकी काही झालं नाही. पण गोड लागला. कितीतरी दिवसांत जेवणाला चव आहे असं मला जाणवलं नव्हतं. मी आणखी खाल्ले. खाली जाऊन यांना सांगितलं की मटार गोड आहे, तर ते म्हणाले, 'या महिन्यात असतोच.' मग थांबून माझ्याकडे बघून हसले. त्या रात्री वहीत मनाच्या रकान्यात मी तीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा होतं. तरी तीन येऊ शकतं हे कागदावर होतं.

मोठ्या आनंदाची वाट पाहिली तर असे दाणे नजरेतून सुटतात. ते टिपून ठेवावेत, तारखेसकट.

१३. मरणाचे विचार आले तर एकटं बसू नये.

हे विचार या काळात येऊ शकतात. येतात म्हणजे आपण वाईट आहोत असं नाही, पण त्यांना घरात एकटं सांभाळायचंही नाही. त्या क्षणी ज्याला खरं सांगून ठेवलं आहे त्याला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. घरातली औषधं, कीटकनाशकं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, तिथं यासाठीही घेतात. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज १९६८ पासून आहे, आणि आपण जिथं असाल तिथं जिल्हा रुग्णालय असेलच.

घरच्यांना एक विनंती. तुमच्याकडे कुणी दुखण्याची गोळी सोडून महिना-दोन महिने झाले असतील, जुलाब-तगमग थांबली असेल आणि माणूस गप्प गप्प झाला असेल, तर 'आता बरं आहे ना' असं न विचारता 'मन कसं आहे' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसा. बोलायला कुणीच नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा सरकारी फोन १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे, दोन्ही मोफत. टेलिमानस २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्रंदिवस चालतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.